दुसरा गिलास

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तोवर नाही. देवापुढे उभा राहतो, तिथंही हे सोडून बाकी सगळं बोलतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि जे ओळखत होते त्यांच्यातलं आता उरलंय कोण?

पिंपरीला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. मी नगरकडून आलेला, एका कारखान्यात स्टोअर क्लार्क. राहायला जागा मिळाली दिघीला, सोपानच्या घरी. सोपान तिथला जुना शेतकरी. रानाचा मोठा तुकडा लष्कराकडे गेला म्हणून आमच्याच स्टोअरमध्ये माल उचलायला लागलेला. म्हणजे कारखान्यात तो माझ्या हाताखाली आणि घरी मी त्याच्या आसऱ्याला. त्याची बायको, ठकूबाई, मला गरम भाकरी वाढायची. घरच्यासारखा नव्हे, घरचाच होतो मी.

मग का केलं मी तसं?

सोपान माळकरी. गळ्यातली तुळशीची माळ त्याच्या वडिलांनी स्वतःच्या हातानं घातलेली. मांस नाही, दारू नाही, खोटं बोलणं नाही. दर एकादशीला मारुतीच्या देवळात भजन, आणि भजनात वीणा सोपानच्या गळ्यात. वीणा कुणालाही देत नाहीत – ज्याची वागणूक चोख, त्यालाच. तो मला उपदेश करायचा म्हणाल, तर कधीच नाही! केला असता तर बरं झालं असतं. भांडून मोकळा झालो असतो. पण एकदा स्टोअरमध्ये मालाचा घोळ झाला, तेव्हा साहेबांनी माझा हिशोब बाजूला सारला आणि म्हणाले, सोपान म्हणतोय ना, मग तेच खरं. सगळ्यांसमोर! एक अंगठेबहाद्दर हमाल – आणि मी मॅट्रिक पास! ते मला फार झोंबलं. अजून आठवलं की झोंबतं, बघा. एवढं होऊनही.

पुढं एका शनिवारी आम्हा दोघांना मुंबईला पाठवलं, बंदरातून एक पेटी सोडवून आणायला. रविवारी बंदर बंद, मुक्काम पडला. आमच्या कारखान्याला माल पुरवणारा एक दलाल होता, तो म्हणाला, चला, जेवायला नेतो. फोर्टात एका जिन्यावरचं ते हॉटेल मला ठाऊक होतं. मागं एकदा त्यानंच नेलं होतं. वाइनसाठीच नावाजलेलं. दारूबंदीचे दिवस, त्यामुळे टेबलावर बाटली दिसायची नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला सरबताच्या उंच गिलासात, वर काडी घालून वाइन यायची. बाहेरून सरबताचं हॉटेल, आतून गुत्ता – फक्त पांढऱ्या चादरींचा आणि काट्याचमच्यांचा.

सोपान बिचारा खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसला होता. त्याच्यासाठी भात-भाजी सांगितली. प्यायला काय, म्हणून वेटरनं विचारलं. दलालानं माझ्याकडे बघितलं. सोपानला नको, असं तो दलाल बापडा म्हणण्याच्याच बेतात होता, हे मी शपथेवर सांगतो. मी म्हणालो, तिघांनाही सरबत.

आलं. लालभडक, गोड. सोपाननं माळेला हात लावला, डोळे मिटले, घोट घेतला. आणि हसला. म्हणाला, "भाऊसाहेब, जांभळावानी लागतंय की!" त्यानं गिलास संपवला आणि लाजत लाजत मला विचारलं, "आणिक एक मिळंल का?"

मिळाला. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर समुद्रावर त्याचे कान लाल झाले होते, पाय अडखळत होते. हवा बाधली म्हणाला.

तिथंच मिटलं असतं. पण मला कुठला दम! सोमवारी कँटीनमध्ये मी चार कारकुनांना रंगवून सांगितलं. मग रोजचंच झालं – सोपानराव, मुंबईचं सरबत कसं होतं हो? तो हौसेनं सांगायचा. जांभळासारखं, म्हणायचा. पोटं धरून हसायचे सगळे. मीही. तोही हसायचा – आपल्या भोळेपणाला हसताहेत असं वाटून. हे महिनोन् महिने चाललं हो. एकदाही मला वाटलं नाही, पुरे.

शेवटी कारखान्यातला दिघीचाच एक शिपाई ते अर्धवट ऐकून गावात बोलला, सोपान मुंबईत दारू प्याला म्हणून. एकादशीला देवळात भजनी मंडळी बसली होती. गणपतबुवा मंडळीत वडीलधारे. त्यांनी मला बोलावणं धाडलं. सोपान खांबापाशी उभा होता, वीणा खुंटीलाच. बुवांनी विचारलं, काय झालं मुंबईला?

एकच वाक्य बोलायचं होतं. मी याला फसवलं. बस. न कळता तोंडात गेलं तर त्याला दोष नाही, हे बुवांनी तिथल्या तिथं सांगितलं असतं. पण मग माझं काय? खोली गेली असती, मार बसला असता, दारूबंदीत पोलीस, कारखान्यात बोभाटा – सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. आणि मी म्हणालो, "दुसरा गिलास त्यानं स्वतः मागितला."

यात खोटं काय होतं, सांगा बरं? काहीच नाही. तेच तर!

बुवा सोपानकडे वळले. "खरं हाय?"

"व्हय. मागितला."

सरबत समजून मागितला, हे तो बोलला नाही. का, ते मला आजही कळत नाही. बहुधा गोड लागलं होतं, यातच त्यानं आपला गुन्हा धरला. बुवा म्हणाले, माळ उतरव. त्यानं दोन्ही हातांनी माळ काढली, मारुतीच्या पायाशी ठेवली. मी जमिनीकडे बघत राहिलो.

घरी येताना वाटेत त्यानं एवढंच विचारलं, "भाऊसाहेब, तवा तुमाला ठाव हुतं का?"

पुन्हा संधी. देवानं दुसऱ्यांदा दिलेली.

मी म्हणालो, नाही. नंतर दलालानं सांगितलं. तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मग तुमी कशापायी झुरताय? दोघं बी फसलो."

फसलो! आम्ही दोघं! घरी जाऊन ठकूबाईलाही त्यानं तेच सांगितलं – भाऊसाहेब आपल्याच बाजूचे.

पुन्हा माळ घे म्हणून पुढं बुवांनीच त्याला कितीदा सांगितलं. तो म्हणायचा, बापानं घातलेली मला राखता आली न्हाई, दुसरी कोणत्या तोंडानं घालू? भजनाला जायचा, पण दाराशी बसायचा, चपलांजवळ. आणि मी? मी त्याच्याच घरात राहिलो, माझं लग्न होईपर्यंत. त्याच्याच बायकोच्या हातचं खाल्लं.

तो गेला तेव्हा कळवायला माणूस आला. मी गेलो. तिरडी बांधून झाली होती, गळा मोकळा होता. मी मागं, गर्दीत उभा होतो. ठकूबाईनं मला हाक मारून पुढं घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्यांना पयला खांदा देऊ द्या. माळ गेली तवा हेच एकटे त्यांच्या बाजूनं हुते."

आणि मी खांदा दिला.