तक्रार नसलेला माणूस

“काही तक्रार नाही, सार.” हात मागं बांधून, मान खाली घालून तो हे म्हणायचा. चहात साखर विसरली, तक्रार नाही. ड्रिलनं बोट फाटलं, रक्ताची धार लागली, तरी तेच.

“अरे, मी जेलर नाही, वर्कशॉपवाला आहे!” मी ओरडायचो.

“सरी, सार.” म्हणजे बरं, साहेब. “काही तक्रार नाही.”

बंगळुरूजवळ बोम्मसंद्र्यात माझं छोटं वर्कशॉप. मागच्या गल्लीत एका संस्थेनं घर घेतलं होतं. किरकोळ चोऱ्यांत सापडलेल्यांनी शिक्षेचा शेवटचा भाग तुरुंगाऐवजी तिथं काढायचा. दिवसा काम, संध्याकाळी घर, दाराला कुलूप नाही. गल्लीतली सभ्य माणसं घाबरली. त्यांनी आपल्याच खिडक्यांना जाड गज ठोकून घेतले आणि आत सुखानं बसली. मला सगळ्यांनी नको म्हटलं, म्हणून मी मुद्दाम त्यातला एक कामाला घेतला.

हा निपाणीकडचा. तांब्याची तार चोरलेली. माझ्याकडं तांब्याचा ढीग उघडाच पडलेला. सुरुवातीला बिचारा त्याच्याकडं पाठ करून जेवायचा. हळूहळू माणसात आला. मला अण्णा म्हणू लागला. एकदा माझ्या हातून भोक वाकडं पडलं तेव्हा चक्क हसला.

मग हे घर ठेवायचं की माणसं परत तुरुंगात धाडायची, हे ठरवण्यासाठी पाहणीला पुण्याच्या एक शिकलेल्या बाई आल्या.

“जेलमध्ये काही प्रॉब्लेम होता?”

तपासणीला कुणी आलं की काय बोलायचं, हे तुरुंगानं त्याला दांडक्यानं शिकवलेलं. हात आपोआप मागं गेले. “काही तक्रार नाही, मॅडम.”

“आणि इथे?”

“काही तक्रार नाही, मॅडम.”

“म्हणजे दोन्ही सेम?”

“सेम, मॅडम.”

मी मध्ये पडलो. “बाई, बोट फाटलं तरी तो असंच म्हणतो!”

“काका, प्लीज. तुम्ही सॅम्पलमध्ये नाही.”

खरंच की. चौथी नापास माणसाचा नमुना कोण घेणार?

पाहणीत फरक दिसला नाही. फरक नाही तर वेगळं घर कशाला, असा थोर विचार करून वरच्यांनी ते बंद केलं. आता तिथं पीजी आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी पोरं राहतात. रात्री मालक बाहेरून कुलूप घालतो. गल्ली निर्धास्त झाली.

मी त्याला तुरुंगात भेटायला गेलो. जाळीपलीकडून त्यानं पहिलं विचारलं, “माझ्या मशीनवर आता कोण?”

“कुणी नाही.”

“दुसरा माणूस घ्या की, अण्णा. गंजेल ते.”

“मला शिकवू नको.”

घंटा झाली. शिपायानं त्याला आत हाकललं. जाता जाता त्यानं मागं वळून हवेतच तेलाचा कॅन तिरपा धरून दाखवला, सावकाश, थेंब थेंब.