पश्चिमेकडच्या भिंतीचा गिलावा

अर्जदार : मी स्वतः, वय पंचावन्न, व्यवसाय अर्जलेखन, बैठक उल्हासनगरात एका कचेरीसमोर, राहणार अंबरनाथ पूर्व, पालेगावच्या वाटेवर. सामनेवाले : प्रथम शेजारी, मग संबंधित कार्यालय, सरतेशेवटी मी स्वतः. घटनेचा काळ : तीन पावसाळे व त्यापुढील एक उन्हाळा. साक्षीदार : एक, गवंडी. दोन, त्याची बायको, जी त्याच्या हाताखाली माल कालवते. तीन, माझी पत्नी, जी सध्या बदलापुरात शिरगावला मुलीकडे राहते व परत येईल किंवा कसे, हे अद्याप निश्चित नाही. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले, हे मी कोणापासून लपविलेले नाही. तथापि वारसनोंद असो वा हद्दीचा वाद, माझ्या हातचा मसुदा सहसा परत येत नाही. नवे वकील चहाच्या निमित्ताने टेबलापाशी थांबतात आणि एखादे वाक्य विचारून जातात. ही बाब पुढील हकिकतीस आवश्यक आहे म्हणून नमूद केली.

आमचे घर बैठे, विटांचे. पश्चिमेला शेजाऱ्याने दोन मजले चढविले. त्याच्या गच्चीचा पाईप अर्ध्यावरच संपत असल्याने सगळे पाणी आमच्या भिंतीवर पडू लागले. पहिल्या पावसाळ्यात गिलाव्याला केसासारखी चीर गेली. दुसऱ्यात तो फुगला. पत्नी स्वयंपाकघरातले लाटणे घेऊन बाहेर जायची, भिंत हलके वाजवून पाहायची आणि जिथे आवाज बद्द, आतून पोकळ असल्यासारखा येईल तिथे कोळशाने गोल काढायची. गोल वाढत गेले. आतल्या बाजूला तिची खाट होती, आणि तिला दमा आहे.

"अहो, गवंडी बोलवा," ती म्हणाली.

"आधी स्थळपाहणी होऊ दे."

दुरुस्त भिंतीवर तक्रार टिकत नाही, हा माझा अनुभव. मी संबंधित कार्यालयाकडे अर्ज दिला, त्याला स्मरणपत्रे जोडली, कोळशाच्या गोलांची छायाचित्रे जोडली, आणि पाहणी होईपर्यंत भिंतीला कोणी हात लावू नये असे घरात सांगून ठेवले. शेजारी स्वतः एकदा दारात आला होता.

"काका, दोन एल्बो लावले की पाईप गटारात. आज करून टाकू का?"

"आता नको. प्रकरण विचाराधीन आहे."

"कमाल करता यार काका. पाणी माझं, पाईप माझा, आणि नको तुम्ही म्हणता?"

तो हसत गेला. माझे बोलणे मला त्या वेळी अत्यंत योग्य वाटले होते.

तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडावर मी टेबलावर असताना पत्नीने परस्पर गवंडी आणला. बारवीकडच्या पाड्यावरचे जोडपे होते. मी चारच्या सुमारास घरी आलो तेव्हा अर्धी भिंत टाचून झाली होती. लाल विटा उघड्या पडल्या होत्या, खाली फोडलेल्या गिलाव्याचा ढीग होता आणि बाई घमेल्याने वाळू-सिमेंटात पाणी ओतत होती. कोळशाचे निम्मे गोल नाहीसे झाले होते.

"काम बंद," मी म्हणालो. "हा पुरावा नष्ट करण्याचा प्रकार आहे."

गवंडी थापी धरून तसाच उभा राहिला. "साहेब, माल कालवलाय. आन उघडी ईट ठेवू नका. दोन दिसांत पाऊस येल."

"पाहणीनंतर."

त्याच्या बायकोने ढिगाकडे बोट केले. "पुरावा म्हंजे ह्यो का? मंग पोत्यात भरून देते की. जा घेऊन हापिसात, पारखून घेतील."

मी पत्नीकडे पाहिले. तिने त्या दोघांसाठी चहा आणला होता, तो तिने त्यांना दिला आणि आत गेली. कालवलेला माल अंगणात तसाच राहिला. सकाळी त्याचा दगड झाला होता.

उघड्या विटांवर मी निळी ताडपत्री बांधली. ती वाऱ्याने फाटली, दुसरी बांधली. गिलावा असताना जे पाणी झिरपत होते ते आता थेट आत आले. गादीला बुरशी धरली. खाट दुसऱ्या भिंतीला सरकवली, पण घरच ओले होते. श्रावणात पत्नीला दवाखान्यात ठेवावे लागले. आठव्या दिवशी मुलगी रिक्षा घेऊन आली आणि तिला तिथूनच शिरगावला घेऊन गेली. रिक्षात बसताना पत्नी मला म्हणाली, "भिंत झाली की सांगा. अर्ज नका लिहू. नुसतं सांगा."

मी बरे म्हणालो. दुसऱ्या दिवशी टेबलावर बसलो व पाच अर्ज लिहिले. अक्षर नेहमीसारखे आले. संध्याकाळी डबा आणला, जेवलो, डबा धुतला. दुःख झाले असे लिहावे तर ते खरे ठरणार नाही. बराच वेळ एका अंगावर झोपले की हात आपला वाटत नाही, तसे काहीसे होते, आणि ते उतरले नाही. हिवाळ्यातही दुपारचा चहा मी दोन कप टाकत असे. दुसरा ओतून द्यायचो.

होळी झाल्यावर मी गवंड्याला निरोप धाडला. दोघेही आले.

"परवानगी आली का साहेब?"

"आली."

"कुणाची?"

मी त्याला भिंत दाखविली. उरलेला गिलावा त्याने फोडला, कोळशाचे शेवटचे गोल गेले. सांधे खरवडले, ब्रशने धूळ काढली, भिंत भिजवली. पहिला हात खडबडीत, त्यावर दुसरा. मग ओळंबा सोडून पाहिले आणि लाकडी रंध्याने घासून सारखे केले. त्याची बायको माल देताना मधूनच माझ्याकडे बघत होती. शेजाऱ्याला मी पाईपचे सांगितले. त्याने एल्बो आणून लावले. चहा उकळायला लागतो तेवढाच वेळ लागला.

"धा दिस पाणी मारायचं," गवंडी जाताना म्हणाला. "सकाळ-सांज. सुकू द्यायची नाय. सुकली का तडकली."

तेव्हा ज्या भिंतीवर पाणी पडते म्हणून मी तीन वर्षे तक्रार केली, तिच्यावर मी दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारीत उभा राहिलो. नवव्या दिवशी स्थळपाहणी आली. आलेल्या गृहस्थांनी कागद पाहिला, भिंत पाहिली, पाईप पाहिला.

"काका, भिंत तर ठणठणीत आहे. पाणी तर तुम्हीच मारताय."

त्यांनी 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असे लिहिले. मी सही केली. त्या वाक्याला हरकत कशी घ्यायची हे मला पाठ आहे. मी घेतली नाही.

अकराव्या दिवशी पत्नीला फोन लावला. "जेवलात?" तिने विचारले. हो म्हणालो. भिंत झाली, एवढे पुढचे तोंडातून निघेना. तिने फोन ठेवला. नंतर मी लाटणे घेऊन बाहेर गेलो आणि भिंत वाजवून पाहिली. सगळीकडे मला एकच आवाज आला. भरीव कोणता आणि बद्द कोणता, हे मला कधीच कळत नव्हते. ते तिला कळते.

अर्ज लिहू नये अशी स्पष्ट सूचना असतानाही हे लिहिले, त्याबद्दल क्षमा असावी. मला दुसऱ्या प्रकारे सांगता येत नाही, ही अडचण लक्षात घ्यावी. याची एक प्रत शिरगावला पाठवीत आहे.

सबब विनंती की, आपण सवडीने येऊन सदर भिंतीची स्वतः पाहणी करावी. लाटणे जागच्या जागी आहे, कोळसाही ठेवला आहे. कोठे बद्द आवाज आल्यास तिथे गोल काढावा. ती जागा त्याच दिवशी फोडून घेण्यात येईल, कोणाची वाट पाहिली जाणार नाही. राहण्याबाबतचा निर्णय त्यानंतर आपणच द्यावा, तो मला मान्य राहील. उत्तर लेखी नसले तरी चालेल.