पांढऱ्या बुरशीला ऊन

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाऊस रुसला, तेव्हाची गोष्ट. नांदेडच्या कॉलेजात नळाला पाणी नाही म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लागलं. माझ्या बुरशीच्या बाटल्या पिशवीत घालून मी यष्टीनं लातूरला घरी आणल्या. दुसरं करणार काय, डोंबल!

माझं सगळं संशोधन त्या दोन बाटल्यांत होतं. उकडलेल्या ज्वारीवर एकीत काळी बुरशी, दुसरीत पांढरी. पांढरी ही काळीचीच लेक. अतिनील दिव्याखाली काळीचे बीजाणू किती वेळा धरले, तेव्हा कुठं एकाच्या रंगाच्या जनुकात बिघाड होऊन ही पांढरी उगवली. ऊन, कोरड असा ताण पडला की काळी जास्त रंग का तयार करते, त्या रंगानं ती वाचते का, हे दोघींना शेजारी वाढवल्याशिवाय कळणार नव्हतं. पांढरी गेली की माझी पीएचडी गेली. मुदतही संपत आली होती.

एका दुपारी रॉकेल घेऊन घरी आलो, तर फळीवर बाटल्या नाहीत. धावत गच्चीवर गेलो. बाजेवर जुनं लुगडं, त्यावर बाटल्यांतली ज्वारी, आणि माझी माय दोन्ही हातांनी दाणे चोळत बसलेली.

"समद्या ज्वारीला बुरसा आला होता रं," ती म्हणाली. "म्हणून ऊन दावलं. अशा सालात दाणा टाकून द्यावा व्हय?"

आमच्याकडं डाळीला, शेवयांना, सगळ्यालाच ऊन दाखवतात. तिनं तेच केलं होतं.

"आगं माय, काय करून बसलीस हे!" मी ओरडलो. वाटलं, तिथंच भिंतीवर डोकं आपटून घ्यावं.

प्यायच्या पाण्यातलं पाणी काढून कुकरमध्ये नवी ज्वारी उकडली, उन्हातले दाणे वेचून बाटलीत टाकले. चार-पाच दिवसांत बाटली भरून बुरशी आली. सगळी काळी. रंगामुळं काळी उन्हात तगली असेल, हो, पण दोन्ही दाणे एकत्र चोळलेले. काळीनं पांढरीला नुसतं झाकून टाकलं नसेल कशावरून? पीएचडीचे माझे सर पहिलं हेच विचारणार.

"परत येईल का रं तुझी पांढरी?" मायनं हळूच विचारलं.

"येईल की," मी म्हणालो. मला काडीची आशा नव्हती.

ती देव्हाऱ्याकडं गेली. महादेवाची विभूती बोटावर घेऊन आली आणि बाटलीला लावली. एरवी मी खेकसलो असतो. त्या दिवशी मी बाटली तिच्यापुढं नीट धरून ठेवली.