राहीचा नऊ दिवसांचा नेम

राहीने आजाराचं नाटक केलं होतं, असं तिचा दीर धर्माजी परवा माझ्या ओटीवर बसून पाहुण्यांना सांगत होता. आठ वर्षं तो हेच सांगतो आहे. मी १९५७ आणि १९५९ च्या डायऱ्या काढल्या आणि हे लिहायला बसले.

राही श्रीवर्धनला आमच्या वाडीत सुपारी सोलायला यायची. तिच्याइतकी झपाट्याने सोलणारी बाई मी पाहिली नाही. सत्तावन्नच्या पावसाळ्यात तिची बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना, स्वतःची वेणी घालता येईना. तिचा नवरा बोटीवर असायचा, भाऊ रघू मुंबईच्या गिरणीत होता. तो तिला मुंबईला घेऊन गेला, तिथल्या डॉक्टरांनी सांध्यांसाठी निघालेल्या नव्या गोळ्या दिल्या, आणि पुढे रघू त्या दर महिन्याला पाठवू लागला. दिवाळीपर्यंत राहीची बोटं मोकळी झाली.

डबीतला इंग्रजी कागद वाचून घ्यायला ती माझ्याकडे आली होती. कागदाच्या शेवटी छापलं होतं की या गोळ्या कधीही एकदम बंद करू नयेत. ती ओळ मी डायरीत जशीच्या तशी उतरवून घेतली. राहीला सांगितलं ते एवढंच: सकाळ-संध्याकाळ एकेक घे. पुढचं तिला काय कळणार, असं मला वाटलं. कॉन्व्हेंटच्या शिक्षणाचा हा माझा उपयोग.

एकोणसाठच्या शिमग्यात ग्रामदेवीची पालखी राहीच्या घरी मुक्कामाला येणार होती. ज्या घराची पाळी, त्या घराला नऊ दिवसांचा नेम. घरच्या चुलीवरचं आणि घरच्या विहिरीचं, याखेरीज काही तोंडात घालायचं नाही. मुंबईची गोळी बाहेरचीच. सासू ठमाबाईने डबी आढ्यावर ठेवून दिली. राहीने ती स्वतःच काढून दिली होती. पाणी शेंदणं, सारवण, भाताच्या राशी पाखडणं, सगळं तिच्याच अंगावर होतं.

पाचव्या दिवशी ती विहिरीपाशी कोसळली. उलट्या थांबेनात, उठून बसवेना. धर्माजी म्हणाला, काम दिसलं की वहिनीला बरी भोवळ येते. आळीतल्या बायकांनी ठरवलं की तिने चोरून गोळी खाल्ली, म्हणून देवी कोपली. सहाव्या दिवशी मला कळलं तेव्हा मी गेले आणि तिला गोळ्यांचं विचारलं.

"न्हाय बाई," ती कशीबशी म्हणाली. "एक बी न्हाय घेतली. नेम हाय ना."

तेव्हा मला ती ओळ आठवली. मी तशीच जाऊन गावातल्या डॉक्टर नजमुद्दीनना घेऊन आले. त्यांनी रक्तदाब पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. अंगणात येऊन त्यांनी धर्माजीला समजावलं. अंगावर ताण आला, मग तो मेहनतीचा असो, भीतीचा वा तापाचा, की मेंदू एका रसायनातून निरोप धाडतो. तो मेंदूच्याच तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीला पोचतो. ती रक्तातून दुसरा निरोप मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना देते, आणि त्या ग्रंथी माणसाला तगवून धरणारा रस सोडतात. रस पुरेसा झाला की मेंदू निरोप थांबवतो. राहीच्या गोळीत त्याच जातीचा रस होता.

"टाकी रोज दुसऱ्या कुणी भरून दिली, तर रहाटाला बैल जुंपाल का, धर्माजी?" डॉक्टर म्हणाले. "हिचा बैल दीड वर्ष गोठ्यात बसून आहे. तुम्ही टाकी भरणं एका दिवसात बंद केलंत. आता त्याने उठून धावावं म्हणता?"

धर्माजीचं एकच. नेम मोडला तर पालखी दारातून परत जाईल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्याच्या वहिनीचा श्वास आतून ऐकू येत होता.

ठमाबाई उंबऱ्यावर बसून ऐकत होती.

"पालखीला खांदेकरी लागतात, तिरडीला बी लागतात," ती म्हणाली. "ह्या दारातनं काय उचलायचं ते तू सांग, धर्मा." मग डॉक्टरांकडे वळून तिने विचारलं, "सुई तोंडात घालता काय?"

"नाही. दंडात."

"मग नेम कुठं मोडतो? या आत."

डॉक्टरांनी सलाईन लावलं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन त्याच रसाची सुई दिली. नवव्या दिवशी पालखी आली तेव्हा राही खांबाला टेकून बसली होती आणि देवीची ओटी तिने स्वतःच्या हाताने भरली. नेम सुटल्यावर डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि पुढे वर्षभर पाव-पाव कमी करत आणल्या.

देवीने उभं केलं असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. पण मरणाच्या दारातून आलेल्या बाईला नाटकी म्हणणं मी ऐकून घेणार नाही. परवा धर्माजीला मी तसं पाहुण्यांसमोर सांगितलं. तो चहा टाकून उठून गेला. जाऊ दे. डायरीतली ती ओळ मी राहीला पुढे वाचून दाखवली, तरी तिच्यातून माझीही सुटका होत नाही.

दर शिमग्याआधी, ज्या घरी पालखीची पाळी असेल तिथे राही जाते, घरच्या सुनांना बाजूला घेते आणि कुणाला कसली गोळी चालू आहे का ते विचारते. कागद इंग्रजीत असला तर माझ्याकडे घेऊन येते.

"वाचा बाई," म्हणते, आणि समोर बसून राहते. "पार खालपर्यंत वाचा."