लिंबाची नवी कुंडी

जुन्या कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आली होती, म्हणून थंडी सरता सरता गॅलरीतलं लिंबाचं झाड मोठ्या कुंडीत हलवलं. मुळांभोवतीची माती फुटू दिली नाही, सावलीत ठेवलं; तरी पानं गळू लागली. वाढायला जागा दिली, तीच त्याच्या जिवावर उठली की काय? रोज सकाळी फांदी नखाने खरवडून बघते. आत हिरवं दिसलं की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडतो.

आज सासूबाई म्हणाल्या, "अगं, जगेल ते. सारखी नखं नको लावूस त्याला."

मी हात मागे घेतला. दुसऱ्या हातात फोन होता. नोकरीसाठी नुकत्याच परगावी गेलेल्या लेकीला सकाळपासून पुन्हा पुन्हा विचारत होते, "बरी आहेस ना गं?"

तो हात काही मागे घेता येईना.