दाऊद कल्हईवाल्याची एकतारी

बेलापुरात दाऊद कल्हईवाल्याला कुणाचंच गाणंबजावणं पटत नसे. देवळातली पेटी त्याला दमेकरी वाटे, तमाशाच्या फडातलं तुणतुणं म्हणजे नुसती कटकट, आणि ऐकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. "या गावाला कान न्हाईत, डूल अडकवायला भोकं हायती," असं तो भाता ओढता ओढता येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

फावल्या वेळात तो एकताऱ्या करी. विकायला नव्हे, विकत द्यावी अशा लायकीचा माणूस त्याला अजून भेटलाच नव्हता. कडू भोपळा वर्षभर छपरावर वाळवायचा, आतून कोरायचा, तोंडावर बकऱ्याचं पातळ कातडं पिठाच्या खळीनं चिकटवून ताणायचं, आरपार वेळूची दांडी घालायची. महायुद्धामुळं बाजारात तार मिळेना, तेव्हा त्यानं साखर कारखान्याच्या भंगारातून जाड तारदोर आणला आणि त्याचा एकेक पदर सोडवला. दहाबारा एकताऱ्या मोडून फेकल्यावर एक मनासारखी जमली. तिचा सूर आळीच्या टोकापर्यंत जाई. ती एकदा चार माणसांत वाजावी आणि 'ही दाऊदची' असं कुणीतरी म्हणावं, एवढीच त्याची हाव होती. ज्या गावाला आपण कवडीची किंमत देत नाही त्याच गावाकडून हे हवंय, याची त्याला स्वतःचीच चीड येई.

एके दिवशी विष्णुपंत मास्तर तपेली घेऊन कल्हईला आले. आयुष्यभर पोरांकडून पाढे घोकून घेतले आणि अभंगही त्याच चालीत म्हणतात, असं दाऊदचं त्यांच्याबद्दल मत. पण एकतारी ऐकून मास्तर दारातच थबकले.

"रामनवमीला भजनात वाजवतो ही. सगळ्यांसमोर तुझं नाव सांगेन."

"न्या. पन गुरुजी, पान्याचा थेंब लागू देऊ नगा."

"आता तू मला शिकवणार!" म्हणत मास्तर ती काखेत मारून गेले.

चार दिवसांनी छगन न्हावी बातमी घेऊन आला. "मास्तर गावभर सांगत्यात, एकतारी म्या सोता बनवली म्हनून."

दाऊदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पढतमूर्ख, ज्याला भोपळा धड चिरता येत नाही तो एकतारी करणार! तडक जाऊन हिसकावून आणावी असं त्याला वाटलं. पण मग ती वाजलीच नसती. नाव गेलं तर गेलं, सूर तरी ऐकतील, असं मनाशी म्हणत तो गप्प बसला.

नवमीच्या दिवशी सकाळीच तो देवळासमोरच्या लिंबाखाली जाऊन बसला. मंडप माणसांनी भरला होता. मास्तर सोवळं नेसून ऐटीत पुढं बसले, एकतारी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि तार छेडली.

भद्द.

मास्तरांनी खुंटी पिळली. तार ताणायच्या ऐवजी कातडंच आत बसलं आणि एका कडेनं सुटून आलं. मंडपात खसखस पिकली. छगन तर पोट धरून हसत होता.

"हवेत ओल आहे," मास्तर म्हणाले.

चैत्राच्या उन्हात मंडपाबाहेरची धूळ तापून पाय भाजत होते. दाऊद उठून मंडपाच्या कडेपर्यंत गेला. मास्तरांच्या सोवळ्यावर, बरोबर भोपळ्याखाली, ओला डाग पडला होता. तो बघून दाऊदला सगळं उमगलं. कल्हई केलेली तपेली मास्तरांच्या घरी दाऊदच्या हाताचा विटाळ जावा म्हणून पुन्हा धुऊन मगच चुलीवर चढतात, हे त्याला वर्षानुवर्षं माहीत होतं. भांड्याचं त्यानं काही बिघडत नाही, म्हणून त्यालाही कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "ही एकतारी कुनी बनवली?"

मास्तरांनी चोरट्या नजरेनं मंडपभर पाहिलं. "मी. सगळ्यांना ठाऊक आहे."

"सोताच्या हातानं?"

"हो. म्हणजे काय!"

"मंग धुतली कशाला?"

मास्तरांनी एकतारी सोवळ्यावरच्या डागावर ओढून घेतली. हसणाऱ्या माणसांच्याही माना एकेक करून खाली गेल्या. दाऊदनं कल्हई केलेली भांडी त्यांच्याही घरी धुतली जात होती.