वैशाखातले बिबडे माघात गेले

आमच्या असोद्याला बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायचे ते अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया झाल्यावर, वैशाखाच्या उन्हात. ज्वारी तीन दिवस भिजवायची, दळायची, तीळ-लसूण-मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि खाटेवर ओलं धोतर पसरून त्यावर पातळ थापायची. संध्याकाळपर्यंत कडकडीत! गल्लीतल्या आम्ही सात-आठ जणी. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. अखाजीला माहेरी आलेल्या लेकीही हाताशी असायच्या. सासवांची, नवऱ्यांची सगळी उणीदुणी त्या खाटेभोवती निघायची. हसून हसून बिबडे वाकडे व्हायचे बघा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी बिबड्यांची पाळी माझ्याकडं होती. लेक पुण्याहून आलेली, दोन दिवसांनी निघायची. वर्षभराचे बिबडे तिला बांधून द्यायचे होते. सकाळीच शेजारीण आली, ती मूळची धुळ्याकडची.

"अक्का, आज राहू दे. मन्ही नात मोबाइलमा देखीसन म्हनस, पानी येई."

"रोहिण्या लागायच्या आहेत अजून. त्याआधी कुठला पाऊस?"

"मग मोबाइलले काय सांगू?"

"त्यालाच खाटेवर वाळत घाल!"

सगळ्या हसल्या. आणि भिजलेली ज्वारी तरी कुठं थांबते? एक दिवस जास्त राहिली की आंबट ढोण.

चारच्या सुमाराला आभाळ काळं झालं. खाटा उचलेपर्यंत धो धो. चौघींनी चार कोपरे धरले तरी धोतर जड, बिबडे घसरून चिखलात. कोंबड्यांची तेवढी अखाजी झाली. मला रडूच आलं. सगळ्यांना मीच तर बसवलं होतं.

लेक जवळ येऊन म्हणाली, "माय, अरबी समुद्रात वादळ उठलंय. समुद्र पूर्वीपेक्षा तापलाय, म्हणून अशी वादळं वाढलीत."

"कुठं तो समुद्र, कुठं आपलं अंगण!"

"अगं, तिथले मासेसुद्धा थंड पाणी शोधत जागा बदलतात."

चिखलातले बिबडे वेचून मी टोपलीत टाकले. मग म्हटलं, "मासे जागा बदलतात ना, आपण महिना बदलू."

तेव्हापासून आमच्या गल्लीत बिबडे माघात होतात. ऊन कोवळं, दोन-तीन दिवस लागतात, पण वाळतात. वाया काही जात नाही. फक्त माघात लेकी नसतात. आम्ही म्हाताऱ्याच थापतो, आणि एकमेकींची उणीदुणी आम्हाला पाठच आहेत.

यंदा अखाजीला लेक आली, तर तिचे बिबडे बांधून तयार.

"मग मी आता काय करू, माय?"

"बस की पंख्याखाली. आराम कर."

बसली बिचारी. पूर्वी तिला आठ दिवस कमी पडायचे. यंदा तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली.